मदत हवी आहे : राज्यमार्गालगतच्या नव्या ले-आऊटवर वाहतूक मोजणीची आणि फूटपाथची अट कोण घालू शकते?

नमस्कार मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक-सदस्य आहे. गावठाण राज्यमार्गाच्या कडेला आहे आणि शाळा त्याच रस्त्याने पुढे साधारण सातशे मीटरवर आहे. मधल्या पट्ट्यात आजवर कापूस आणि तूर पेरली जात असे. यंदा त्यातल्या साडेसात एकरांत खुंट गाडले गेले असून तिथे ले-आऊट, दर्शनी बाजूला गाळे आणि एक लग्नाचा लॉन होणार आहे. ले-आऊटला माझा विरोध नाही, माझ्याच भाच्याने तिथे प्लॉट सांगून ठेवला आहे. अडचण आहे ती धुरा (शेताचा बांध) आणि डांबर यांच्यामधल्या साईडपट्टीची, कारण गावची मुले त्या पट्टीवरूनच शाळेत जातात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की ती डांबरावर चढतात, आणि दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या, दोन्ही अंगांनी कापसाने फुगलेल्या गाड्या सुरू झाल्या की डांबरावरून पुन्हा खाली उतरतात.

चौकशी केली तेव्हा ग्रामपंचायतीत सांगण्यात आले की रस्ता बांधकाम विभागाचा आहे. बांधकाम विभागाकडून उत्तर आले की ले-आऊटची परवानगी महसूल आणि नगररचनेची बाब आहे. आणि नगररचनेत ऐकायला मिळाले की ते हद्दीच्या आतले पाहतात. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असावे, पण मुले चालतात ती जागा नेमकी या तिघांच्या मध्ये येते.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मी जमेल तशी वाचली. आतील रस्त्यांची रुंदी, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के खुली जागा, वाहनतळ, अशा गोष्टी तिच्यात तपशिलाने दिल्या आहेत. मोठ्या प्रकल्पांच्या वाहतुकीचा विचार पर्यावरण मंजुरीच्या वेळी होतो. पण १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती मंजुरी २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते आणि आमचे गाळे व लॉन त्याच्या आसपासही पोहोचत नाहीत.

पुरावा हाती असावा म्हणून आम्ही स्वतःच मोजणी करायचे ठरवले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत गावाबाहेरच्या रस्त्यांवर सलग सात दिवस, चोवीस तास गणना सांगितली आहे. आमच्याने शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ तेवढी होईल. याच संस्थेच्या आयआरसी ६४-१९९० मधील तक्त्यात मोटारीला १, मोटारसायकलला ०.५, ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५ आणि बैलबंडीला चक्क ८ असा गुणांक आहे, म्हणजे ते वाहन वाहतुकीत किती मोटारींच्या बरोबरीचे धरायचे तो आकडा. बंडीचा एवढा मान पाहून वडील खूश झाले. पायी चालणाऱ्याला मात्र त्या तक्त्यात गुणांक नाही, त्यामुळे मुलांची गणना वेगळ्या वहीत करावी लागेल.

तर जाणकारांनी कृपया सांगावे : एवढ्या लहान ले-आऊटवर फूटपाथ बांधून देण्याची अट परवानगीतच घालता येते का, ती कोणाकडे मागावी, आणि आमचा अर्ज नेमक्या कोणत्या टप्प्यावर पोहोचला तर त्याचा उपयोग होईल?

प्रतिसाद :

दादा, सर्वेक्षण अहवालाच्या मागे लागू नका, ले-आऊटच्या तोंडाकडे लक्ष द्या. खासगी जागेतून राज्यमार्गावर जोडरस्ता काढायचा असेल तर रस्ता ज्यांचा आहे त्यांची परवानगी लागते. महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ मध्ये प्रवेशाचे नियमन आणि इमारत रेषा (जिच्या आत रस्त्याच्या बाजूला बांधकाम करता येत नाही ती) या दोन्ही गोष्टी येतात. त्या परवानगीतच अटी मागा. प्रत्येक गाळ्याचे दार थेट रस्त्यावर न उघडता सगळ्यांना मिळून एकच प्रवेश असावा, लॉनची वाहने आतच उभी राहावीत आणि दर्शनी लांबीभर १.८ मीटर मोकळा पदपथ असावा. ही किमान रुंदी आयआरसी १०३-२०१२ मधली आहे, तिथेच कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असेही म्हटले आहे. पेव्हर ब्लॉक मात्र मागू नका, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, दोन वर्षांत सगळे वरखाली होते. झाकण असलेली आरसीसी नाली मागा, पाणीही जाईल आणि वरून चालताही येईल.

टप्प्याचे म्हणाल तर ले-आऊटला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग भूमी अभिलेखची मोजणी आणि रस्ते-नाल्यांची कामे, आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. अंतिम मंजुरीचा कागद निघाला की बिल्डरला तुमची गरज उरत नाही. म्हणून आजच माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून मंजूर नकाशा आणि अटींची प्रत मागा, तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२५ च्या आदेशाचा उल्लेख करा, त्यात अडथळामुक्त पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ (जीविताचा अधिकार) खालील हक्क मानला आहे. एक लक्षात असू द्या, बिल्डरकडून त्याच्या हद्दीपुरतेच होईल. उरलेल्या लांबीसाठी वेगळी मागणी बांधकाम विभागाकडेच करावी लागेल.

मूळ धागाकर्ता :

मनापासून आभार. खुंट पाहून आलो, आतले रस्ते अजून आखलेलेच आहेत, मुरूम पडलेला नाही, म्हणजे अंतिम मंजुरी दूर असावी. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी देतो. जोडरस्त्याच्या परवानगीत अशी अट घातलेल्या एखाद्या पत्राचा नमुना कोणाकडे असल्यास, नावे झाकून इथे टाकावा ही विनंती.