शब्दचर्चा : 'ऑफ साइड' आणि 'ऑफसाइड'

प्रश्न (परभणी जिल्ह्यातल्या एका क्रीडाशिक्षकांचा) : शाळेत फुटबॉल सुरू केलाय. पोरांना क्रिकेटमुळं ऑफ साइड ठाऊक आहे. त्यामुळं ऑफसाइड दिला की वाद घालतात, "सर, मी तर डावीकडं होतो, मग ऑफसाइड काऊन?" याला नेमका मराठी शब्द कोणता वापरावा?

उत्तर : सर, पोरांची शंका रास्त आहे. उच्चार एकच असला तरी हे दोन वेगळे शब्द आहेत असं धरूनच शिकवावं, असं माझं मत आहे. बोलणाऱ्यांनी त्यांची फारकत केव्हाच केलेली आहे. क्रिकेटमध्ये आपण म्हणतो, 'त्याची ऑफ साइड भक्कम आहे', 'ऑफला मार', 'ऑफ साइडला तिघं लाव'. इथं साइड स्त्रीलिंगी, कारण मनात 'बाजू' असते. फुटबॉलमध्ये म्हणतो, 'तो ऑफसाइड होता', 'पंचांनी ऑफसाइड दिला'. एकदा विशेषण, एकदा पुल्लिंगी नाम. क्रिकेटमध्ये कुणी ऑफ साइड 'होत' नाही आणि फुटबॉलमध्ये कुणी ऑफसाइड'ला' मारत नाही. म्हणून क्रिकेटचे दोन शब्द सुटे लिहावेत आणि फुटबॉलचा एक, जोडून.

क्रिकेटची ऑफ साइड म्हणजे मैदानाचा एक भाग, उजव्या फलंदाजाच्या उजव्या हाताचा. घोड्यावर डावीकडून चढायची रीत, म्हणून इंग्रजीत घोड्याची डावी बाजू जवळची आणि उजवी लांबची, म्हणजे ऑफ. तिथूनच शब्द क्रिकेटमध्ये आला असं मानतात. ब्रिटनमध्ये मोटारीच्या उजव्या अंगालाही ऑफसाइड म्हणतात. आपल्याकडं गॅरेजात हा शब्द रुजला नाही. जालन्याच्या ट्रकवाल्याला 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड' एवढं पुरतं, आणि मला ते जास्त नेमकंही वाटतं.

वर्तमानपत्रांनी ऑफ स्टंपला 'उजवी यष्टी' म्हटलं. शब्द देखणा आहे, पण डावखुरा फलंदाज आला की तो दगा देतो. सौरव गांगुलीला ऑफ साइडचा देव म्हणायचे आणि तो डावखुरा, म्हणजे त्याचे ते सगळे गाजलेले फटके त्याच्या डाव्या हाताला जायचे! ऑफ साइड फलंदाजाच्या उभं राहण्यावर ठरते. गोलंदाज धावायला लागला, चेंडू खेळात आला, त्या घडीला फलंदाज जसा उभा असेल तशी ती नक्की होते. २००८ मध्ये इंग्लंडच्या केव्हिन पीटरसननं मधेच हात आणि पाय फिरवून स्विच हिट मारला तेव्हा मोठा वाद झाला, पण नियमानं त्याची ऑफ साइड जिथं होती तिथंच राहिली. हे महत्त्वाचं अशासाठी, की पायचीतचा निर्णय यावर फिरतो : टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला तर फलंदाज पायचीत होत नाही, ऑफ स्टंपच्या बाहेर पडला तर होऊ शकतो.

आता फुटबॉल. इथल्या 'साइड'चा अर्थ संघ. मराठीतही 'बाजू'ला हा अर्थ आहेच. 'आमच्या बाजूनं खेळ' म्हणताना आपण दिशा सांगत नसतो. आपल्या संघापासून तुटून पुढं गेलेला तो ऑफसाइड. इंग्लंडमधल्या ईटनच्या शाळेत याच गुन्ह्याला चोरपावलांनी सरकणं अशा अर्थाचा शब्द होता, आणि त्यात नियमामागची भावना पुरती आलीय : गोलजवळ टपून बसून फुकटचा गोल मारू नये. १८६३ च्या पहिल्या नियमांत चेंडूच्या पुढं असलेला कुठलाही साथीदार बाद धरला जाई. रग्बीत मूळ तत्त्व आजही जवळपास तेच आहे. १८६६ मध्ये सवलत मिळाली, पुढं प्रतिस्पर्ध्यांचे तिघं असले तर चालेल. १९२५ मध्ये तिघांचे दोन झाले आणि गोलांचा पाऊस पडायला लागला. १९९० पासून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या अगदी रेषेत असलेलाही चालतो.

पोरांना अडचण होते ती आणखी एका कारणानं, असं मला वाटतं. आपली पोरं कबड्डी आणि खो-खोवर वाढलेली. खो-खोत अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवचीच. या खेळांत मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा सगळ्या फक्कीनं आखलेल्या असतात. पाय पडला की पडला, डोळ्यांना दिसतं. ऑफसाइडची रेषा मैदानावर कुठंच आखलेली नसते. ती बचाव करणाऱ्याबरोबर मागं-पुढं सरकते आणि साथीदारानं चेंडू मारला त्या क्षणापुरतीच मोजली जाते. धावत जाऊन चेंडू घेईपर्यंत खेळाडू पार पुढं गेलेला असतो, आणि 'बघा, किती पुढं होता!' म्हणून बघणारे ओरडतात. बघायचं असतं ते आधीचं, चेंडू सुटतानाचं.

म्हणून 'चुकीची बाजू' हा कुणीकुणी सुचवलेला शब्द मला अजिबात पटत नाही. नुसतं तिथं उभं राहणं हा फुटबॉलमध्ये गुन्हाच नाही. अकरावा नियम स्पष्ट आहे : प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांच्याही पुढं डोकं, धड किंवा पाय असला तर ती ऑफसाइडची जागा; हात धरत नाहीत. तिथं असून त्यानं चेंडूला हात... म्हणजे पाय लावला, प्रतिस्पर्ध्याला अडथळा केला किंवा त्या जागेचा फायदा उठवला, तरच शिट्टी. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरमधून थेट चेंडू मिळाला तर तोही गुन्हा नाही. हा शेवटचा भाग पोरांना आधीच सांगून ठेवा, थ्रो-इनला फार भांडणं होतात.

मग मराठी काय? शब्द 'ऑफसाइड'च ठेवा. समजावताना 'चेंडू सुटला तेव्हा बचावाच्या पाठीमागं सापडला' एवढं म्हणा. 'सापडला' यात दोष आणि क्षण दोन्ही येतात.

हॉकीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण नांदेडला गुरु गोबिंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय स्पर्धा भरते आणि तिथले जुने प्रेक्षक अजून या शब्दावर बोलतात. हॉकीत पूर्वी ऑफसाइड होता. आधी प्रयोग म्हणून तो उठवला आणि १९९८ पासून कायमचा गेला. तेव्हा खेळ उघडा झाला आणि आघाडीच्या खेळाडूला थेट गोलसमोर थांबता येऊ लागलं. आइस हॉकीत मात्र तो आहे, निळ्या रेषेवर : चकती आत जाण्याआधी हल्ला करणाऱ्यानं आत जायचं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू खेळात येतो त्या क्षणी रेषेपलीकडं असणं म्हणजे ऑफसाइड. कबड्डीच्या पोरांना हे दोन्ही चटकन कळतील.

संभाजीनगरच्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या पोराला हा शब्द तिसऱ्याच ठिकाणी भेटेल. पीटर लँडिन या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये 'ऑफसाइड नियम' सुचवला : ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडलीय त्यावरून प्रोग्रामचा तुकडा कुठं संपला ते ठरायचं. पायथन ही प्रोग्रामची भाषा शिकणारे रोज तो पाळतात. इथंही रेषा आखलेली नसते, आधीच्या ओळीवरून मोजायची. नाव फुटबॉलवरूनच घेतलंय आणि ते फार चपखल आहे.

पुरवणी प्रश्न (लातूरहून) : आमच्या गल्लीत 'ऑफ बंद' म्हणतात, म्हणजे ऑफला रन नाहीत. डावखुरा आला की भांडण. बरोबर कोण?

उत्तर : दोघंही. गल्लीत एका अंगाला भिंत, नाली नाहीतर कुणाचं अंगण असतं, म्हणून उजव्या फलंदाजाच्या हिशोबानं तिकडं ऑफ ठरतो आणि मग ती जागाच ऑफ होऊन बसते. क्रिकेटच्या अर्थानं डावखुऱ्याचा ऑफ मोकळ्या बाजूला, गल्लीच्या अर्थानं भिंतीकडं. गल्लीतला वापर मी चूक म्हणणार नाही, खेळणाऱ्यांनी गरजेतून घडवलेला आहे. फक्त डावखुरा संघात असला तर खेळ सुरू करतानाच 'ऑफ बंद' ऐवजी 'भिंतीकडं बंद' असं बोलून घ्या.