रोमिंग गेलं खरं, आता स्पर्धाच संपत चाललीय त्याचं काय?

हद्दीवरचा_शेतकरी
आमचं शेत शिनोळीच्या अंगाला, घर कर्नाटकात, बेळगावजवळ, आणि बांधापलीकडं महाराष्ट्राचा चंदगड तालुका. 2016 च्या आधीचे दिवस आठवतात काय कुणाला? शेतात गेलं की मोबाईल महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा, घरी आलं की कर्नाटकाचा. बांधावर फोन वाजला की रोमिंग, म्हणजे फोन दुसऱ्यानं केलेला आणि पैसे आपले कटणार. त्यापायी घरात दोन सिम, इकडचं स्पाईस कंपनीचं आणि चंदगडच्या पै-पाव्हण्यांसाठी तिकडचं आयडियाचं. 2008 ला आयडियानं स्पाईस घेतली, आमाला वाटलं आता तरी सुटलो, खरं सर्कल, म्हणजे कंपन्यांचा राज्यवार विभाग, वेगळं ते वेगळंच राहिलं. वडील सेटिंगमधे जाऊन नेटवर्क मॅन्युअल करून ठेवायचे आणि मग घरच्या मागच्या खोलीत रेंजच नाही.

हे सगळं संपलं कशानं? सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, रोमिंग फुकट म्हटलं, मग एप्रिल 2017 पासून एअरटेलनं पण देशातलं रोमिंग काढून टाकलं. आमच्यासारख्या हद्दीवरच्या माणसांची इतकी वर्षं कुणाला दया आली नव्हती, समोर दुसरा उभा राहिला तेव्हा सुटका झाली. म्हणून मी म्हणतोय, आता स्पर्धाच उरली नाही ह्याची काळजी करा. एअरसेल, डोकोमो, युनिनॉर सगळी गेली, 2018 ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाले. आणि जुलै 2024 ला काय झालं? जिओचं 239 चं रिचार्ज 299 ला गेलं, बाकीच्या दोघांनी पण एक-दोन दिवसाच्या फरकानं दर वाढवले. जायचं कुठं माणसानं?

टिळकवाडी_राहुल
काका, मान्य नाही. 2015 ला एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायचो की ओ, ते पण थ्रीजी. 2024 ला दर वाढल्यावर पण 299 ला रोज दीड जीबी, 28 दिवसात 42 जीबी, म्हणजे जीबीला साधारण सात रुपये पडतात. माझं सगळं काम पुण्याच्या कंपनीचं, घरात बसून करतो, त्या जुन्या दरात हे शक्यच नव्हतं. साठ रुपये वाढले म्हणून स्पर्धा मेली कसं म्हणता?

हद्दीवरचा_शेतकरी
राहुल, तुझ्या हिशोबात चूक नाही, खरं तो जीबी वापरणाऱ्याचा हिशोब आहे. आमच्या आईकडं बटणाचा फोन, तिला एक जीबी पण नको, तिला फक्त लेकीचा फोन यायला पाहिजे. तिचं 28 दिवसाचं रिचार्ज 155 चं 189 झालं आणि त्यात न वापरलेलं नेट गळ्यात. डिसेंबर 2024 ला ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, सांगितलं की नुसत्या कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज द्यायलाच पाहिजे, तेव्हा कुठं जानेवारीत ते निघालं. भरपूर कंपन्या असत्या तर कुणीतरी आपणहून आधीच काढलं असतं, 2009 ला डोकोमोनं सेकंदाला एक पैसा काढला आणि सगळ्यांना मागं यायला लागलं तसं.

वडगावची_पूजा
नेटवर्कचं तुम्ही म्हणता ते पटतंय थोडं, पण हँडसेटमधे उलट आहे ना. आमच्या घरात पहिला फोन नोकिया 1100, बाबांचा, टॉर्चवाला. वाटायचं नोकिया म्हणजे कायमचं. 2014 ला तर चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा कारखानाच बंद झाला. त्याच वर्षी मायक्रोमॅक्स सॅमसंगला टक्कर देत होतं, त्याच वर्षी जुलैत शाओमी आलं आणि दोन-तीन वर्षात मायक्रोमॅक्सची हवा गेली. एवढी उलथापालथ दुसऱ्या कुठल्या धंद्यात बघितलीय? आणि फायदा कुणाचा झाला, आमचा. आईला मराठीत टाईप करता येतं, शेजारच्या अक्का त्याच फोनवर कन्नडमधे, दोघी एकमेकींना व्हॉईस मेसेज टाकतात. वीस वर्षांपूर्वी इंग्रजी येत नाही म्हणून आई एसएमएस पण वाचायची नाही.

गणपत_गल्ली_रिपेअरवाला
पूजाताई, फायदा झाला हे मी नाकारत नाही, माझं पोट त्याच फोनवर चाललंय. खरं तुम्ही काउंटरच्या तुमच्या बाजूनं बघताय. शाओमी आलं ते फक्त ऑनलाईन, ठरावीक वेळेला सेल आणि मिनिटात स्टॉक खलास. गिऱ्हाईक आमच्याकडं यायचं, मॉडेल विचारायचं, आणि माझ्याकडं ते मॉडेल यायचंच नाही, पैसे मोजायला तयार असलो तरी. असल्या खास मॉडेलच्या करारांबद्दल स्पर्धा आयोगानं जानेवारी 2020 मधे ॲमेझॉन, फ्लिपकार्टची चौकशी लावली, त्याच्या कितीतरी आधी आमच्या गल्लीतल्या दोन दुकानांचं शटर खाली आलं होतं.

आणि दुरुस्तीचं बोला. नोकियाची पाठ नखानं निघायची, बॅटरी बदलायला एक मिनिट. आता सगळं डिंकानं चिकटवलेलं, हीटरवर गरम करून पाठ काढताना काच तडकली तर नुकसान माझं. मागच्या महिन्यात येळ्ळूरच्या एक मावशी आल्या, एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं डिस्प्लेचे इतके पैसे सांगितलेले की त्यात थोडी भर घातली तर नवीन फोन येतोय. मी मुंबईहून डिस्प्ले मागवून निम्म्यात करून दिला. कंपन्या चार असोत नाहीतर चाळीस, सगळ्यांनीच फोन चिकटवून टाकला तर निवड कसली ओ? युरोपात 2027 पासून बॅटरी माणसाला स्वतः काढता आली पाहिजे असा कायदा लागतोय. आयफोनला 2023 ला टाईप-सी आलं ते पण त्यांच्याच कायद्याच्या धाकानं.

टिळकवाडी_राहुल
अण्णा, चिकटवलाय म्हणून तर पावसात टिकतोय. आपल्या बेळगावचा पाऊस बघता ना तुम्ही, जून ते सप्टेंबर. जुने फोन खिशात भिजून मरायचे. आणि ऑनलाईनला एवढी नावं ठेवू नका, खानापूरच्या आत जांबोटीकडं आमच्या मामाचं गाव, तिथं कुठलं दुकान होतं? तिथल्या पोराला बेळगावच्या पोराच्याच किमतीत फोन मिळाला, एसटीचं भाडं वाचलं ते वेगळंच.

गणपत_गल्ली_रिपेअरवाला
मिळाला. आणि बिघडला तेव्हा ते पोरगं कुठं आलं? माझ्याकडंच आलं की. गल्लीतलं दुकान मेलं तर जांबोटीच्या पोरानं फोन घेऊन हुबळी गाठायची काय? पाण्यापासून वाचवायला डिंक लागतो हे मला बी कळतं. डिंक लावा, खरं सुटा पार्ट मला विका, रास्त भावात. एवढंच मागणं आहे.

वडगावची_पूजा
हे मात्र बरोबर. सॅमसंगनं 2024 ला एस24 पासून सात वर्षं अपडेट देतो म्हटलंय, गूगलनं पिक्सेलला त्याच्या आधी. फोन सात वर्षं चालवायचा तर मधे एकदा तरी बॅटरी बदलायला लागणारच, ती गल्लीत बदलून मिळाली पाहिजे.

हद्दीवरचा_शेतकरी
मी दर वाढले तेव्हा एक सिम बीएसएनएलला पोर्ट केलं. लोक म्हणाले येडा झालायस. खरं सरकारी का असेना, चौथा टिकला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी विचारणार कोण? घरात दोन काड्या येतात, शेतात पूर्ण. राहुल, तुमच्या टिळकवाडीत त्याचं फोरजी चालतंय काय नीट? चालत असलं तर आईचं पण सिम तिकडंच नेतो.