मांडीचं हाड मोडल्यावर सैनिक मरायचे कशामुळे?

जुनीपाने:
पहिल्या महायुद्धात सुरुवातीला मांडीचं हाड मोडलेले 80 टक्के जखमी दगावायचे, थॉमस स्प्लिंट (मोडलेला पाय ताणून धरणारी चौकट) आल्यावर प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास उतरलं, असं सगळीकडे वाचतोय. एक कडं आणि दोन सळ्या, त्यांनी एवढा फरक? पटत नाही.

निवृत्त_सिस्टर:
ऑर्थो वॉर्डात हा स्प्लिंट वर्षानुवर्षं बांधलाय, म्हणून सांगते. मांडीचे स्नायू भलतेच दांडगे. हाड मोडलं की ते आखडतात, तुकडे एकमेकांवर चढतात. मग स्ट्रेचरच्या दर हिसक्याला हाडाची टोकं आतलं मांस फाडतात. फुगलेल्या मांडीत लिटरभर रक्त सहज साठतं, ते वरून कळतही नाही.

थॉमसचं चामडी कडं जांघेत टेकवायचं आणि पाऊल खालच्या टोकाकडे ताणून बांधायचं. आघाडीवर बूट काढत नसत. बुटावरूनच पट्टीचा फास टाकायचा, मग काडी घालून पीळ द्यायचा. ताण बसेपर्यंत पेशंट किंचाळतो आणि मग एकदम गप्प होतो, हे मी कितीदा पाहिलंय. स्ट्रेचरवाल्यांकडून याचा सराव डोळे बांधून करून घेत, कारण पुष्कळसं काम रात्रीचं.

गंमत म्हणजे ब्रिटिश हाडवैद्य ह्यू ओवेन थॉमस यांनी हा स्प्लिंट गुडघ्याच्या क्षयासाठी केला होता. ते 1891 मध्येच गेले. युद्धात त्याचा आग्रह धरला तो त्यांचे भाचे, सर्जन रॉबर्ट जोन्स यांनी.

खवचट_काका:
सिस्टर, मान्य. पण 80 ला फार कवटाळू नका, 1914 च्या धुमश्चक्रीत नीट नोंदी कोण ठेवतंय! 15.6 टक्के हा आकडा फ्रान्समधल्या अरासच्या 1917 च्या लढाईतला, हजारभर जखमींचा, ब्रिटिश लष्करी सर्जन हेन्री ग्रे यांनी दिलेला. तोवर बाकीचंही बदललं होतं. तिथली शेतं पिढ्यान्‌पिढ्या शेणखताची, माती जखमेत गेली की गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारा जंतुसंसर्ग. म्हणून मेलेलं मांस कापून जखम उघडी ठेवायला लागले, डेकिनच्या जंतुनाशक द्रावणाने धुवायला लागले, धनुर्वाताचं सीरम तर होतंच. सगळं श्रेय सळ्यांना कसं द्यायचं?

जुनीपाने:
आणि बूट कधी काढायचे?

निवृत्त_सिस्टर:
काका, सळ्यांशिवाय तो जखमी तुमच्या द्रावणापर्यंत पोचला असता का?
बूट रुग्णालयात, ताणाची दुसरी सोय झाल्यावर. त्याआधी काढला तर पीळ सुटतो. खरी कटकट कड्याची. त्याखालची कातडी रोज बोटांनी सरकवायची. एक दिवस विसरलं की जांघेत फोड.