ऑनलाइन सीबीटीमधील नवी साधने : अर्ध्यावर थांबलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होतो का?

रानवाट

नमस्कार. सामाजिक चिंतेसाठी मी गेल्या वर्षी आठ भागांचा एक ऑनलाइन सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत) कार्यक्रम सुरू केला होता. पहिले तीन भाग मी मनापासून पूर्ण केले, विचारांच्या नोंदी रोज लिहिल्या, आणि ‘मी बोलले की सगळे माझ्यातले दोष शोधतील’ ही वस्तुस्थिती नसून माझा अंदाज आहे, हे कागदावर मला पटलेही. चौथ्या भागात मात्र प्रत्यक्ष बैठकीत एक प्रश्न विचारण्याचा सराव दिला होता. तो माझ्याने झाला नाही आणि त्या दिवसापासून मी तो कार्यक्रम उघडलेला नाही. दर आठवड्याला तोच ठरावीक ईमेल येत राहिला. मी का थांबले, हे कुणी विचारले नाही.

आता संवाद साधणारे चॅटबॉट, आभासी वास्तवाचे हेडसेट, फोनवरच्या नोंदींवरून मनःस्थिती ओळखणारी ॲप्स यांविषयी बरेच वाचनात येते. यांत मुळापासून काही वेगळे आहे, की जुनेच स्वाध्याय नव्या रूपात आले आहेत? आणि माझ्यासारखे जे मध्येच थांबतात, त्यांच्यासाठी यात काही आहे का?

मनोवेध

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. तुमचे थांबणे हा तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही, हे आधी स्पष्टपणे सांगतो. इंग्लंडमध्ये नैराश्याच्या 691 रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ‘मूडजिम’ किंवा ‘बीटिंग द ब्लूज’ हे संगणकीय कार्यक्रम दिल्याने विशेष फरक पडला नाही आणि बहुतेकांची मजल पहिल्या एक-दोन सत्रांपलीकडे गेली नाही. आशय सीबीटीचाच होता. उणीव होती ती सोबतीची.

2021 मध्ये 39 चाचण्यांतील 9,700हून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा हे चित्र अधिक स्पष्ट झाले. ज्यांचे नैराश्य सौम्य होते त्यांना मार्गदर्शक असला काय आणि नसला काय, फारसा फरक पडला नाही. लक्षणे मध्यम किंवा तीव्र असतील तर मात्र मार्गदर्शनासह घेतलेला उपचार सरस ठरला. हे मार्गदर्शन म्हणजे दर आठवड्याला तासभराची भेट नव्हे. बहुधा उपचारक तुमचा स्वाध्याय वाचतो आणि दोन परिच्छेदांचे उत्तर लिहितो. त्याला आठवड्यातली काही मिनिटे पुरतात.

माझ्या मते खरोखर नवा विचार याच्या पुढचा आहे, आणि त्याची चर्चा हेडसेटपेक्षा फार कमी होते. स्वीडनमध्ये निद्रानाशाच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, चौथ्या आठवड्यातच कोणाचा उपचार अपयशी ठरण्याची शक्यता आहे हे लक्षणांच्या साप्ताहिक नोंदी आणि प्रत्यक्ष सहभाग पाहून ठरवले गेले. अशा रुग्णांपैकी काहींचा उपचार पूर्वीसारखाच चालू ठेवला, तर काहींच्या बाबतीत अडचण नेमकी कुठे आहे ते विचारून त्यात बदल केले. ज्यांच्यासाठी बदल केले, त्यांना स्पष्टपणे अधिक लाभ झाला. तुम्हीही चौथ्याच भागात थांबलात. तिथे कुणीतरी विचारायला हवे होते.

शांतवन

आभासी वास्तवाबद्दल थोडे लिहितो, कारण या क्षेत्रातील प्रणाली तयार करण्याचे काम मी करतो. सीबीटीतील जो भाग कागदावर सर्वांत अवघड जातो, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे, तोच इथे केंद्रस्थानी असतो. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने 2018 मध्ये उंचीची भीती असलेल्या 100 व्यक्तींवर चाचणी केली. त्यात मार्गदर्शकही आभासीच होता, तरी उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी 68 टक्क्यांनी कमी झाली. पुढे 2022 मध्ये त्याच गटाने सायकोसिस (भ्रम, भास यांमुळे वास्तवाशी नाते तुटणारा आजार) असलेल्या आणि घराबाहेर पडणे टाळणाऱ्या 346 रुग्णांसाठी बस, दुकान, दवाखान्यातील प्रतीक्षाकक्ष अशी दृश्ये वापरली. ज्यांचे टाळणे सर्वांत तीव्र होते, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. आभासी बैठकीत प्रश्न विचारून झाल्यावर खऱ्या बैठकीत तो विचारावाच लागतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

चॅटबॉटबाबत मी अधिक सावध आहे. माणसे यंत्राशी मन मोकळे करतात, हे संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 मध्ये ‘एलायझा’ ही संवाद साधणारी संगणक-प्रणाली मांडली तेव्हापासून दिसत आले आहे. पण मन मोकळे होणे म्हणजे उपचार नव्हे. ‘वोबॉट’ या सीबीटीवर आधारित चॅटबॉटची 2017 मधील पहिली चाचणी 70 विद्यार्थ्यांवर आणि केवळ दोन आठवड्यांची होती, आणि ते ॲप 2025 मध्ये बंदही झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील डार्टमथ विद्यापीठाच्या ‘थेराबॉट’ या चॅटबॉटची 210 प्रौढांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात नैराश्याची लक्षणे सरासरी 51 टक्क्यांनी घटली, ही गोष्ट निश्चितच मोठी आहे. मात्र तुलना प्रतीक्षायादीतील लोकांशी होती आणि बॉटच्या संवादांवर संशोधकांची देखरेख होती. बाजारातल्या सर्वसाधारण चॅटबॉटमागे अशी देखरेख करणारे कुणी असेलच, असे गृहीत धरू नये. शिवाय हो ला हो म्हणण्याकडे त्यांचा कल असतो, आणि सीबीटीत तर तुमच्या गृहीतकाला आदराने प्रश्न विचारावा लागतो.

ओंजळ

मी उपचारकाच्या लेखी मार्गदर्शनासह दहा आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण केला आहे, म्हणून निवड करताना उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी सांगते. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीतील नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर ‘होय’कडे झुकले तर ते कोण पाहते आणि किती वेळात संपर्क साधते, हे मी नाव नोंदवण्यापूर्वीच विचारले होते. दुसरे म्हणजे माहितीची गोपनीयता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन सेवेवर ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी इतरांना दिल्याबद्दल कारवाई केली होती, त्यामुळे अटी वाचण्याचा कंटाळा करू नये.

सातव्या आठवड्यात मीही थांबले होते. तेव्हा माझ्या उपचारकांनी एकच ओळ लिहिली, ‘या आठवड्याचा सराव मोठा होता का?’ तो खरोखरच मोठा होता.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. उपचारक उत्तर देतात असा कार्यक्रम मी शोधते आहे. एकच शंका उरते. पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात करावी का?

मनोवेध

त्याची गरज नाही. नव्या उपचारकांना तुमच्या तीन भागांच्या नोंदी दाखवा आणि चौथ्या भागापासूनच सुरुवात करा, फक्त पायरी लहान करा. बैठकीऐवजी, बैठक संपल्यावर एकाच सहकाऱ्याला तो प्रश्न विचारा. त्याआधी ‘काय होईल असे मला वाटते’ हे एका ओळीत लिहा, नंतर प्रत्यक्षात काय झाले ते लिहा, आणि त्या दोन्ही ओळी त्याच दिवशी उपचारकांना पाठवा.