कॉलेजात शारीरिक शिक्षण आणि दुखापतींचं काम, दोन्ही करायचंय: पुढे काय शिकू?

मुरूमपट्टी: सोलापुरात बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी) झालंय. कॉलेजात शिकवायचं आणि खेळाडूंच्या दुखापतीही बघायच्या, असा विचार आहे. एम.पी.एड. (त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी) करू, एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा कोचिंगचा कोर्स करू, की सरळ फिजिओथेरपी?

शिट्टीवाले_सर: खेळाडूंच्या दुखापती बघणारा ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ हा परवानाधारक वेगळा पेशा अमेरिकेतला. आपल्याकडच्या कॉलेजांत पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे एम.पी.एड.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 5 टक्के सवलत), नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, स्पर्धेतल्या सहभागाचा पुरावा, वर शारीरिक क्षमता चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर, महिलांना 8 मिनिटांत 1000. एनआयएसचं प्रमाणपत्र कोचिंगला कामाचं, पण त्यावर संचालक होता येत नाही. फिजिओथेरपी म्हणजे बारावीपासून वेगळी वाट. तेव्हा एम.पी.एड.ला लागा आणि विद्यापीठ संघातून खेळल्याची प्रमाणपत्रं जपून ठेवा की ओ! जाहिरात निघाल्यावर शोधाशोध नको.

क्रेप_बँडेज: पदवी हातात येईपर्यंत घोटा शिका. कबड्डी, खो-खोत तोच जास्त मुरगळतो. आधी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड टोकापासून सहा सेंटीमीटरपर्यंत दाबून बघा. तिथं दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. पाऊल बाहेरच्या अंगाला वाकडं असेल तर दाबूनही बघू नका, तसंच आधार देऊन पाठवा.

टेपिंगला 38 मिमीची न ताणणारी टेप. पाऊल नडगीशी काटकोनात, वर नडगीभोवती टेपचा एक वेढा (अँकर), मग पट्टी आतून टाचेखालून बाहेरच्या बाजूनं वर ओढायची, अशा तीन, प्रत्येक आधीच्या पट्टीवर निम्मी चढवून. पोरं पाऊल खाली सोडून बसतात, तिथंच टेप वाया जाते. सुरकुती राहिली की फोड येतो. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कापा. ताज्या सुजेवर टेप मारून पुन्हा मैदानात उतरवणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा.

मुरूमपट्टी: आणि ऊन?

शिट्टीवाले_सर: ऑक्टोबरातल्या दुपारच्या सामन्यांना बर्फ आणि पाण्याचं मोठं टब ठेवाच. खेळाडू कोसळून बरळू लागला तर उष्माघातच समजा. एकानं 108 लावायचा, बाकीच्यांनी त्याला गळ्यापर्यंत थंड पाण्यात ठेवायचं, डोकं धरून. टब नसेल तर ओल्या चादरी, सतत पाणी, वारा. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

क्रेप_बँडेज: तासिका तत्त्वावर लागलात तर टेप-बर्फाचा खर्च कोण देणार, ते रुजू होतानाच लेखी विचारा.