रिफाक्सिमिन किती दिवस घ्यायची? लिव्हरला अँटिबायोटिक कशाला? मदत हवी आहे

बाबांना सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) आहे. मध्यंतरी फार विचित्र वागायला लागले, दिवसभर झोप, रात्री टक्क जागे, सही करायला बसले की अक्षर ओळखू येईना, हात पुढे धरले तर पंजे फडफडायचे. डॉक्टर म्हणाले हेपॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे लिव्हर बिघडल्याने मेंदूवर होणारा परिणाम. लॅक्टुलोज (पोट साफ करणारं सिरप) आधीपासून होतंच, आता रिफाक्सिमिन ५५० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ दिलीय आणि "बंद करायची नाही" म्हणालेत.

घोळ असा की चुलतबहिणीला आयबीएससाठी (वारंवार पोट बिघडण्याचा आतड्याचा आजार) हीच गोळी दिली होती, तीही ५५०चीच, पण दिवसातून ३ वेळा आणि १४ दिवसांत कोर्स खलास. मग बाबांना कायमची का? किडनीवर नाही ना येणार? आणि बिघडलंय लिव्हर, गोंधळ डोक्यात, औषध मात्र पोटाचं, हे काही डोक्यात शिरत नाहीये. लॅक्टुलोजने सारखं जावं लागतं म्हणून बाबा वैतागलेत, ते तरी थांबवता येईल का?

प्रतिसाद १
आतड्यातले बॅक्टेरिया अमोनिया बनवतात, तो रक्तातून लिव्हरकडे जातो आणि धडधाकट लिव्हर त्याचा युरिया करून टाकतं. सिरॉसिसमध्ये ते जमत नाही, अमोनिया पोचतो मेंदूपर्यंत. रिफाक्सिमिन रक्तात अर्धा टक्काही उतरत नाही (लिव्हर खराब असेल तर थोडी जास्त उतरते, म्हणून डॉक्टरांची नजर हवीच), आतड्यातच राहून त्या बॅक्टेरियांना आवरते. किडनीची भीती बहुतेक निओमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकमुळे असेल, पूर्वी ते द्यायचे आणि ते कान-किडनीला बाधायचं.
आयबीएसमध्ये जुलाब, पोट फुगणं कमी करायला तेवढाच कोर्स, त्रास उलटला तर परत देतात. बाबांचं तसं नाही, पुन्हा असा गोंधळाचा झटका येऊ नये म्हणून रोज.

प्रतिसाद २
लॅक्टुलोज मनाने थांबवू नका हो, दोन्ही मिळूनच काम करतात. दिवसाला २-३ वेळा मऊ शौच व्हायला हवी, पाण्यासारखी होत असेल तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करा, कारण अंगातलं पाणी कमी झालं तरी झटका येतो आणि बद्धकोष्ठ झालं तरी येतो. रात्री जागतात म्हणून झोपेची गोळी अजिबात देऊ नका. कोणीतरी प्रोटीन बंद करा सांगेलच, तेही ऐकू नका, स्नायू झडतात आणि उलट त्रास वाढतो. ताप, काळी शौच किंवा एकदम जास्त गुंगी दिसली तर इथे विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.