गार सुरमई आणि १० टक्के सेवाशुल्क: गोव्यातल्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये ते द्यावं का?

कोकमसरबत
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्याला जाणाऱ्यांचं रडगाणं दरवर्षी तेच. कापडी नॅपकिन, मेणबत्ती, सगळा थाट. पण पाण्यासाठी तीनदा हात वर करायचा. स्टार्टर आणि मेन कोर्स एकदमच येऊन आदळतात. बिलात मात्र सेवाशुल्क छापलेलं. माझं मत, सेवा मिळाली नसेल तर ते काढायलाच लावावं. हिशेब बघा: जेवण ६,०००, सेवाशुल्क ६००, आणि जीएसटी ५ टक्के, तोही ६,६०० वर, म्हणजे ३३०. एकूण ६,९३०. शुल्क काढलं की ६,३००. न मिळालेल्या सेवेवर करसुद्धा आपणच भरायचा!

तवा_आणि_तंदूर
सेवा ढिली पडते हे मान्य. पण वाढणाऱ्यावर राग काढून काय होणार? काम नीट व्हायचं तर एका स्टुअर्डकडे चार टेबलं पुरेत. सीझनला त्याच्या गळ्यात सात-आठ पडतात. त्यातले बरेच जण फक्त सीझनपुरते बाहेरच्या राज्यांतून आलेले, मेनू अजून पाठ नाही.

आणि गिऱ्हाईक सगळं साडेआठ ते नऊच्या दरम्यान येतं. आठ जणांची एक केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, किचनमध्ये तवा, तंदूर, करी, बार अशी चार ठिकाणी फुटते. तव्यावर एका वेळी सुरमईचे सहा-सात तुकडे मावतात. ते झाले, पण नान अजून तंदूरला चिकटलेले. मग ताटली पासवर, म्हणजे किचनमधून ताटल्या बाहेर जातात त्या ओट्यावर, दहा मिनिटं तशीच. रव्याचं आवरण वाफेनं मऊ पडतं, मासा गार होतो. शुल्क कापून मालकाचं काही बिघडत नाही. जिथे ते वाटलं जातं तिथे भांडी घासणाऱ्याचाही वाटा असतो, तो बुडतो.

वजाबाकी
‘जिथे वाटलं जातं’. सगळी गोम त्या तीन शब्दांत आहे. वाटलं की नाही, हे गिऱ्हाइकाला कुठे कळतं? शिवाय माणसं कमी ठेवायची हा मालकाचा निर्णय, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?

कायदाही सांगून ठेवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सेवाशुल्क आपोआप लावायला मनाई केली. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम केल्या. तेव्हा मॅनेजरला शांतपणे ‘हे काढून नवं बिल द्या’ म्हणा. जुन्या बिलाचा फोटो काढून ठेवा, ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. जीएसटीचा आकडाही तपासा, तो कमी व्हायला हवा. वाढणारा आवडला तर टिप त्याच्या हातात द्या.

सोलकढी_दोन_वाट्या
मालवणात साध्या खानावळीत बसल्या बसल्या थाळी समोर येते, तीही गरम. तिथे जमतं ते इथे का नाही?

तवा_आणि_तंदूर
कारण थाळीत आमटी, भात, सुकं, सोलकढी आधीच तयार. ताजा फक्त तळलेला तुकडा. इथे साठ पदार्थांचा मेनू आणि वर ‘कमी तिखट, नारळ नको, ग्रेव्ही वेगळी’. ही तुलनाच लंगडी आहे.

वजाबाकी
मग साठ ठेवता कशाला? वीस ठेवा.

तवा_आणि_तंदूर
हे पटलं. मेनू छाटला तर निम्मा घोळ मिटेल. पण मालक ऐकत नाहीत, त्यांना चायनीजही हवं असतं.

कोकमसरबत
हे झालं त्यांचं. आपल्या हातात काय आहे?

पापलेट_अख्खं
साडेसातला जा. ऑर्डर एकदाच द्या, पण मेनला ‘होल्ड’ सांगा आणि कॅप्टनने, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वाढप्याने, ते केओटीवर लिहिलंय ना ते बघा. तोंडी सांगितलेलं किचनपर्यंत पोचत नाही. स्टार्टर संपत आले की ‘आता सोडा’ म्हणायचं.

मेनूत माशापुढे भावाऐवजी ‘आकारानुसार’ लिहिलेलं असेल तर खरी भांडणं तिथेच होतात. मासा टेबलाशी मागवा, समोर वजन करायला सांगा, आणि भाव साफ करण्याआधीच्या वजनावर की नंतरच्या, हे विचारा. खवले, पोट, कल्ले गेले की वजन चांगलंच घटतं. एकूण रक्कमही तिथेच लिहून घ्या. मोठ्या हॉटेलात असाल तर आणखी एक: जिथे खोलीचं भाडं ७,५०० च्या वर, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ नाही, १८ टक्के.

वजाबाकी
वजन आम्ही करून घ्यायचं, केओटी आम्ही तपासायची. कॅप्टन काय नुसता दारात नमस्काराला?

तवा_आणि_तंदूर
साडेसातला असतो तो मोकळा. नऊला स्वतःच ताटल्या उचलत असतो.